पियानो विकून पियानो कसा शिकवणार? संगीतशाळेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

माननीय विश्वस्त मंडळ,
सप्रेम नमस्कार.

आपल्या संगीतशाळेच्या पियानो विभागाबद्दल आपण घेतलेला निर्णय आम्हा शिक्षकांना एका परिपत्रकातून कळला. येत्या जूनपासून ग्रँड पियानो आणि दोन्ही अपराइट, म्हणजे उभे छोटे पियानो, विकले जाणार. त्या खोलीत हेडफोन जोडलेले कीबोर्ड ओळीने मांडले जाणार. एकेका मुलाला वेगळं शिकवण्याऐवजी दहा-बारा मुलांचा गट एका शिक्षकापुढे बसणार. आणि आम्हाला महिन्याचं मानधन बंद, घेतलेल्या तासाचे तेवढे पैसे. याबद्दल आधी मी आपल्याला रीतसर पत्र दिलं होतं. त्याची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

संस्थेचं नाव मी मुद्दाम देत नाही. मुंबई-पुण्यातल्या आणि गोव्यातल्या ज्या संस्थांमध्ये पियानो शिकवला जातो, तिथल्या शिक्षकांशी बोलल्यावर थोड्याफार फरकाने हीच कहाणी ऐकू येते. त्यामुळे हे पत्र त्या सगळ्या विश्वस्तांनाही उद्देशून आहे असं समजावं.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी दादरच्या मराठी घरातली. आमच्या घरात नाट्यसंगीत होतं, आजोबांच्या वेळची पायपेटी होती, पियानो नव्हता. मला पियानो मिळाला तो धोबीतलावच्या एका गोवेकर बाईंच्या घरी. आम्ही त्यांना टीचर म्हणत असू. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सरगम, घोटलेल्या त्या बाई. दुपारी शिकवायच्या, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि वर्षाकाठी एखादा तरी जाहीर कार्यक्रम करायच्या. त्या कार्यक्रमाच्या आधीचे काही आठवडे आमची शिकवणी वेगळीच असायची. बाखची नाहीतर शुबर्टची एखादी रचना त्या स्वतः घासत असायच्या, आणि नेमकं कुठे अडतंय, कोणतं बोट बदलून पाहिलं, हे आम्हाला सांगत वाजवायच्या. पियानो म्हणजे काय हे मला त्या आठवड्यांत कळलं. पुढे परदेशी शिकून मी परत आले ती त्यांच्यासारखं जगायचं ठरवूनच. वाजवायचं आणि शिकवायचं. आपल्या निर्णयाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बंद होतात, म्हणून तो मला मान्य नाही.

वाजवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हा गैरसमज आपल्या परिपत्रकाच्या मुळाशी आहे. संस्थेला शिक्षक हवा, कलाकार नको, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. पियानोच्या इतिहासात असा शिक्षक शोधून सापडत नाही. १८७८ साली फ्रँकफर्टच्या नव्या हॉख कॉन्झर्व्हेटरीने, म्हणजे संगीत महाविद्यालयाने, जर्मन पियानोवादक क्लारा शुमान यांना पियानो शिकवायला बोलावलं. तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या आणि युरोपभर त्यांचं नाव होतं. स्टुटगार्ट, हॅनोव्हर आणि बर्लिनहूनही बोलावणी होती. त्यांनी फ्रँकफर्ट निवडलं, कारण तिथले संचालक योआखिम राफ यांनी त्यांच्या अटी मान्य केल्या. दिवसाला दीड तासापेक्षा जास्त शिकवणार नाही, शिकवणी आपल्या घरी घेणार, वर्षाला चार महिने सुट्टी, आणि हिवाळ्यात कार्यक्रमांच्या दौऱ्यांसाठी रजा. जोडीला दोन सहायक शिक्षिका हव्यात अशीही मागणी होती. मारी आणि ऑयगेनी या आपल्या मुली त्यांच्या मनात होत्या. तिथल्या शिक्षकवर्गात क्लारा एकट्याच बाई होत्या. १८९२ पर्यंत त्यांनी तिथे शिकवलं आणि त्यांच्याकडे शिकायला इंग्लंडहून विद्यार्थी येत राहिले. पियानोवादक फॅनी डेव्हिस त्यांतल्याच.

या अटींचा अर्थ आपण समजून घ्यावा अशी माझी विनंती आहे. चार महिने सुट्टी ही चैन नव्हती. वाजवणाऱ्या माणसाचे हात आणि कान जागे राहावेत म्हणून ती सोय होती. राफ यांना कळत होतं, की या बाईंनी मैफली सोडल्या तर त्यांच्याकडून विद्यार्थ्यांना जे मिळायला हवं तेच मिळणार नाही.

हे फक्त परदेशात चालतं असंही नाही. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ साली मुंबईत आणलं. कोण्या संस्थानिकाच्या आश्रयावर न राहता लोकांच्या पैशावर त्यांनी ते चालवलं, आणि त्यातला मोठा वाटा ते स्वतः गाऊन उभा करत होते. गुरू तानपुरा घेऊन समोर बसतो आणि गातो, त्यातून शिष्य शिकतो, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. गाणाऱ्या गुरूने मैफल सोडावी असं आपण कधी म्हणालो नसतो. मग पियानोच्या शिक्षकाला वेगळा नियम कशासाठी?

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार, निर्णय घेताना विभागातल्या एकाही शिक्षकाला विचारलं गेलं नाही. फर्निचर बदलताना विचारलं नाही तर मी समजू शकते. इथे अभ्यासक्रम, वाद्य आणि नोकरी या तिन्ही गोष्टी बदलल्या.

दुसरी तक्रार वाद्यांबद्दल आहे आणि ती मला सविस्तर मांडावी लागेल. पियानो ‘जुने आणि नादुरुस्त’ आहेत म्हणून विकायचे, असं आपण म्हटलं आहे. ते नादुरुस्त कसे झाले, हे मी जवळून पाहिलं आहे. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण अठरा ते वीस टनांच्या घरात जातो. तो ताण पेलतो लोखंडी सांगाडा आणि लाकडात घट्ट बसवलेल्या खुंट्या. मुंबईत जून लागला की लाकूड सादळतं. तारांचा नाद मोठा करणारा लाकडी ध्वनिफलक फुगतो, सूर वर चढतो, पट्ट्या दाबल्या की तिथेच अडकून बसतात, तारांना गंज धरतो. पाऊस सरल्यावर लाकूड आकसतं आणि सूर उतरतो. हातोड्यांवरच्या लोकरी नमद्याला कसर लागते ती वेगळीच. म्हणून खोलीतली आर्द्रता वर्षभर पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते, आणि निदान पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर पियानो सुरात लावणारा ट्यूनर बोलवावा लागतो.

आपल्या शाळेत शनिवारी संध्याकाळी वीज वाचवण्यासाठी त्या खोलीचा एसी बंद होतो आणि सोमवारी सकाळी सुरू होतो. भर जुलैतसुद्धा. म्हणजे दर आठवड्याला वाद्य सादळतं आणि पुन्हा कोरडं पडतं. एकाच दमटपणात राहिलेला पियानो त्यापेक्षा जास्त टिकतो. ट्यूनरची बिलं मंजुरीसाठी महिनोन् महिने पडून राहतात. गेल्या पावसाळ्यानंतर तर ट्यूनर आलाच नाही. मधल्या सप्तकातल्या काही तारा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून लावून घेतल्या. आपल्या ग्रँडला लाकडाची चीर नाही, सांगाडा शाबूत आहे. त्याच्या खुंट्या, नमदे आणि तारा बदलल्या तर तो आणखी एक पिढी वाजेल, असं त्याला गेली कित्येक वर्षं सुरात लावणारा माणूस सांगतो. त्याचं म्हणणं कुणी लेखी मागितलेलं नाही. मुंबईत हे काम जाणणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकलेली आहेत, आणि संस्थांनी काम दिलं नाही तर त्यांची मुलं या धंद्यात येणार नाहीत.

तिसरी तक्रार, कीबोर्डला पियानोची जागा देण्याची. कीबोर्डशी माझं भांडण नाही. नोटेशन वाचायला, तालाचे हिशेब समजायला, रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता सराव करायला तो उपयोगी आहे. पण आपण आणणार आहात तो एकसष्ट पट्ट्यांचा, हलक्या पट्टीचा. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टीमागे वजन असतं. त्या वजनाला बोटाने, मनगटाने, खांद्याने कसं उत्तर द्यायचं हेच पियानोचं शिक्षण. पेडल दाबला की सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि न वाजवलेल्या तारासुद्धा मंद गुणगुणू लागतात. पेडल अर्धाच सोडला तर ती गुणगुण किती उरवायची हे पायाने ठरवता येतं. शोपँचं नॉक्टर्न, ती रात्रीच्या भावाची संथ रचना, यावर उभं आहे. हेडफोन लावलेल्या मुलाला ही गुणगुण ऐकू येत नाही. त्याहून वाईट म्हणजे शिक्षकाला ते मूल ऐकू येत नाही. दहा जणांचे हेडफोन एकेक करून कानाला लावत फिरणं म्हणजे शिकवणं नव्हे.

चौथी तक्रार मुलांच्या वतीने. आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घरी पियानो नाही. मुंबईत तो ठेवायचा कुठे? एका खोलीत चार माणसं झोपतात त्या घरात अपराइटसुद्धा मावत नाही, आणि मावला तरी परवडत नाही. ही मुलं शाळेच्या पियानोवर सराव करतात. लालबागहून येणारी एक मुलगी सकाळी शिपाई दार उघडायच्या आत पायरीवर येऊन बसलेली असते. पहिल्या तासाआधी खोली रिकामी असते, तेवढ्यात तिला मोत्झार्टचा सोनाटा घोटायचा असतो. तिच्या वडिलांनी ग्रँड पियानो पहिल्यांदा पाहिला तो आपल्या शाळेत. ज्यांच्या घरी पियानो आहे त्यांचं आपल्या निर्णयाने फारसं काही बिघडणार नाही, ते शिक्षक घरी बोलावतील. बिघडेल ते हिचं. विश्वस्त संस्था कुणासाठी असते, याचं उत्तर मी आपल्याकडूनच ऐकू इच्छिते.

पाचवी तक्रार पैशांची, आणि ती सांगताना मला संकोच वाटत नाही. तासावर पैसे म्हणजे विद्यार्थी आजारी पडला की पैसे नाहीत, मे महिन्यात नाहीत, गणपतीत नाहीत, मुसळधार पावसात गाड्या बंद पडल्या की नाहीत. गायकांच्या आणि व्हायोलिनच्या मुलांना साथ करायची, त्यांच्या तालमी घ्यायच्या, परीक्षेच्या दिवशी दिवसभर थांबायचं, हे काम कुठल्याच तासात मोजलं जाणार नाही. शिक्षकाचा स्वतःचा रियाज तर कधीच मोजला गेला नाही. पोट भरायचं तर दिवसाला आठ-नऊ तास शिकवावं लागेल, आणि तितकं शिकवल्यावर संध्याकाळी स्वतः वाजवायला हात उरत नाहीत. आमच्यातल्या एका सहकारी बाईंचं मनगट याच कारणाने गेलं. रजा घेतली असती तर पैसे बुडाले असते, म्हणून त्या दुखऱ्या हाताने शिकवत राहिल्या. आता त्यांना जाहीर कार्यक्रम करता येत नाहीत.

इथे पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची आठवण येते. १९५२ साली ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारे ते पहिले अमेरिकन. १९५९ पासून ते बॉल्टिमोरच्या पीबडी कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागले. पुढे ऐन भरात, छत्तिशीच्या सुमारास, त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळू लागली. या व्याधीला फोकल डिस्टोनिया म्हणतात हे कळायलाच फार काळ गेला. दोन्ही हातांचं वाजवणं जवळजवळ तीस वर्षं थांबलं. त्या काळात ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पॉल विटगेनस्टाइनसाठी संगीतकार रॅव्हेलने लिहिलेला कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, त्यांतलीच एक. त्यांनी वाद्यवृंदाचं संचालन केलं, आणि शिकवलं. नव्वदच्या दशकात उपचारांनी बोटं थोडी मोकळी झाली आणि ते दोन्ही हातांनी पुन्हा मंचावर आले. २०२० साली, ९२व्या वर्षी ते गेले. पीबडीशी त्यांचं नातं साठ वर्षांचं होतं. हात गेल्यावर त्यांचा तास कमी करा, त्यांना काढा, असं त्या संस्थेने केलं असतं तर पियानोवादकांच्या कितीतरी पिढ्या त्यांच्या शिकवणीला मुकल्या असत्या.

फ्लायशर ज्यांच्याकडे शिकले ते आर्टुर श्नाबेल; श्नाबेल व्हिएन्नात लेशेटित्स्कींकडे शिकले; लेशेटित्स्की चेर्नींकडे; आणि चेर्नी स्वतः बेटोव्हेनकडे. आपल्याकडे घराणं म्हणतात ते हेच. यातला प्रत्येक माणूस पियानोपुढे बसून समोरच्याला वाजवून दाखवणारा होता. मॉस्कोत हाइनरिख नॉयहाउस यांच्या वर्गातून रिख्टर आणि गिलेल्स हे थोर पियानोवादक बाहेर पडले, तेही असेच. एक खोली, एक पियानो, एक शिक्षक, एक विद्यार्थी, आणि वेळ. याहून चांगली पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

सहावी तक्रार परीक्षांची. शाळेचं यश आपण फक्त लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेडवर, म्हणजे परीक्षांच्या पायऱ्यांवर, मोजता. परीक्षा असाव्यात, त्यांनी शिस्त लागते. पण मूल वर्षभर तीनच रचना घोकतं, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि आठवी, म्हणजे सर्वांत वरची, ग्रेड झालेल्या मुलाला कुणी गाणारा समोर आला तर साथ धरता येत नाही. आम्ही शिक्षक दर महिन्याला विद्यार्थ्यांची बैठक घ्यायचो. त्यात मुलं एकमेकांसमोर वाजवायची, शिक्षकही वाजवायचे. सभागृह भाड्याने द्यायचं म्हणून ती बैठक बंद करण्यात आली. त्याबरोबर आम्हाला बाहेर कार्यक्रम करायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी असा नियम आला. पियानोवादकाने वाजवण्यासाठी शाळेची परवानगी का मागावी, हे मला आजही उमगलेलं नाही.

हे संगीत आपलं नव्हे, त्यावर ट्रस्टचा पैसा किती घालवायचा, असाही एक सूर बैठकीत निघाल्याचं ऐकलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पोर्तुगीज काळापासून खेड्यापाड्यांतल्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवलं. मेहली मेहतांनी १९३५ साली याच मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद अशाच गोवेकर मास्तरांनी उभे केले. त्या गाण्यांवर आपण सगळे वाढलो. यापुढे या मुद्द्यावर वेळ घालवण्याची गरज मला वाटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा कलांना अभ्यासाबाहेरचं मानू नका, शाळांत कलाकारांना आणा, असंच सांगतं.

संस्थेचा खर्च वाढला आहे हे मला माहीत आहे. जागेचे भाव, विजेची बिलं, दुरुस्ती, सगळं दिसतं. हिशेब आमच्यासमोर मांडा. शुल्क वाढवायचं असेल तर परवडणाऱ्या पालकांशी आम्ही बोलू. निधीसाठी कार्यक्रम करायचे असतील तर आम्ही विनामूल्य वाजवू. हे मी सहकाऱ्यांना विचारून लिहिते आहे.

आमच्या मागण्या अशा.

तिन्ही पियानोंची विक्री थांबवावी. बाहेरच्या जाणकार ट्यूनरकडून त्यांची तपासणी करून घ्यावी आणि त्याचा लेखी अहवाल पालकांना व शिक्षकांना द्यावा. ग्रँडची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने, पावसाळा संपताच सुरू करावी.

पियानोच्या खोलीत आर्द्रता कायम राखावी, सुट्टीच्या दिवशीही. ट्यूनिंगसाठी वर्षाच्या अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवावी आणि ती खर्च करण्याचा अधिकार विभागप्रमुखांना असावा.

शिक्षकांना वर्षाचा करार मिळावा. त्यात शिकवण्याच्या तासांना मर्यादा, साथीचं व तालमींचं मानधन, आजारपणाची पगारी रजा आणि कार्यक्रमांसाठी रजा या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. बाहेर वाजवण्यासाठी परवानगीची अट काढून टाकावी.

पियानो एकास एक याच पद्धतीने शिकवला जावा. कीबोर्डची खोली करायचीच असेल तर ती वेगळ्या जागी, नवशिक्यांसाठी आणि थिअरीसाठी करावी.

ज्या मुलांच्या घरी वाद्य नाही त्यांना सकाळी आणि संध्याकाळी सरावाच्या वेळा नेमून द्याव्यात, त्याचं वेगळं शुल्क घेऊ नये.

महिन्याची बैठक पुन्हा सुरू करावी. वर्षातून एकदा विभागातल्या प्रत्येक शिक्षकाचा जाहीर कार्यक्रम संस्थेने स्वतः ठेवावा, आणि विश्वस्तांनी तो समोर बसून ऐकावा. ही शेवटची मागणी खर्चाची नाही, तरी माझ्या लेखी ती सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी आम्हाला वाजवताना ऐकलं आहे.

आणि यापुढे पियानो विभागाबद्दल निर्णय होईल त्या बैठकीत शिक्षकांचा एक प्रतिनिधी असावा.

या पत्राचं उत्तर मला एकटीला नको. पालक, शिक्षक आणि विश्वस्त यांची एकत्र सभा मे महिना संपायच्या आत बोलवावी आणि तिथे उत्तर द्यावं. ती सभा होईपर्यंत खरेदीदारांना पियानो दाखवण्यासाठी बोलावू नये आणि एकही वाद्य खोलीबाहेर हलवू नये, एवढं आश्वासन आपण याच आठवड्यात लेखी द्यावं.

आपली,
पियानो विभागातील एक वादक आणि शिक्षिका
दादर, मुंबई